ऊन औषध

ऑपरेशनच्या खोलीचं दार ढकलून सर्जन बाहेर आले, तशी गिरजा उठून उभी राहिली. तोंडावरची पट्टी खाली ओढत त्यांनी विचारलं,

"परशुरामच्या घरचं कोण?"

कुंभारवाड्याहून तिच्यासोबत बेळगावला आलेला दीर झिलू पुढे झाला. पण डॉक्टर तिच्याकडेच बघत होते.

"बाई, स्वादुपिंडाचा कॅन्सर वाटला होता त्याहून पसरलाय. पोटाच्या अस्तरावर सगळीकडे दाणे आलेत. दिसतात तेवढे काढून, मी सांगितलं होतं तसं कॅन्सरवरचं गरम औषध पोटात फिरवता येईल. परदेशात मी ते शिकून आलोय. पण उपचार नवा आहे. या आजारात किती गुण येईल, मलाही ठाऊक नाही."

"आनि न्हाई केलं तर?"

"शिवून टाकू. जखम भरली की घरी जातील. पुढं थोडे महिने."

"करा म्हन, वैनी," झिलूचा आवाज चढला. "रामनगरपातुर डोलीतनं आनलाय त्याला. नुसता शिवून न्यायला व्हय?"

गिरजानं पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं.

"ऊन औषध दिल्यावर त्ये घरला चालत येतील?"

डॉक्टरांनी मागच्या दाराकडे पाहिलं.

"टेबलावरच काही होऊ शकतं. निभावले तरी बरेच आठवडे इथंच. लवकर सांगा, आत पोट उघडं आहे."

जंगलकामात पायावर ओंडका पडला तरी हूं न करणारा तिचा नवरा. गेला महिनाभर तो तोंडात गोधडी कोंबून कण्हत होता.

"शिवून टाका," ती म्हणाली.

झिलू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

परशुरामला नीट शुद्ध आली, तेव्हा ती एकटीच खाटेशी होती. खरं सांगू नको, असं झिलूनं बजावलं होतं.

"काढली गाठ?"

"न्हाई. लई पसरलं हुतं."

"आनि त्ये ऊन औषध?"

"डाक्टरनी मला इचारलं. मीच न्हाई म्हटलं."

त्यानं पोटावरच्या पट्टीवर हात ठेवला.

"मी त्याच्याच आशेवर आत गेलतो, गिरजा."

खाटेची लोखंडी दांडी धरून ती तशीच उभी राहिली. परशुरामनं दात आवळले आणि कण्हत एक पाय बाजूला ओढला. खाटेच्या कडेला वीतभर जागा झाली.

"उभी किती ऱ्हाशील," तो म्हणाला. "बस."