दंतवैद्याची खुर्ची पुलापलीकडे

पूल ओलांडला की दुसरा देश लागायचा. अलीकडच्या गावात दंतवैद्याची खुर्ची चोरीला गेली, म्हणजे ज्या खुर्चीत बसवून तो लोकांचे दात काढायचा तीच. तो पुतणीच्या लग्नाला गेला होता. परत येऊन बघतो तर खोलीच्या मधोमध नुसती बोल्टांची भोकं. चिमटे, दिवा, चूळ भरायचं भांडं, सगळं जागच्या जागी.

"खुर्ची कोण चोरतं हो?" फौजदारांनी विचारलं.

"तेच विचारायला मी तुमच्याकडे आलोय," दंतवैद्य म्हणाला.

तपास लागला तो फौजदारांच्याच स्वयंपाकघरात. त्यांच्या बायकोची धाकटी बहीण पुलापलीकडे दिलेली, आणि तिचा नवरा तिकडचा फौजदार. बहिणी रोज फोनवर बोलायच्या. त्या दुपारी धाकटी फोनबाहेर ऐकू येईल इतक्या मोठ्याने कौतुक सांगत होती, "ताई, आमच्या सलूनवाल्याने काय खुर्ची आणलीय! पायाने कळ दाबली की वर जाते, खाली जाते, चक्क आडवी होते. आमचे हे तर दाढी करता करता घोरायला लागले."

जेवत बसलेल्या फौजदारांनी हातातला घास ताटात टाकला. चोरीच्या मालावर पोलीस झोपला होता, आणि तोही आपला साडू!

खरं तर एका फोनचं काम. पण सासऱ्यांच्या घरी पत्ते खेळताना एका साडूने दुसऱ्यावर पान लपवल्याचा आळ घेतला होता, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. शिवाय नियम असा, की परदेशातली चौकशी राजधानीमार्फतच करायची. फौजदारांनी रीतसर अर्ज पाठवला. तो त्यांच्या राजधानीत गेला, तिथून पलीकडच्या राजधानीत गेला, आणि तिथे कुणा हुशार माणसाने 'खुर्ची गेली' एवढंच वाचून तो राजकीय खात्याकडे सरकवला. उत्तर आलं, "कोणत्या मंत्र्याची?"

तोवर तपास बहिणींच्या फोनवरून चालला.

"विचार त्यांना, खुर्ची विकली कोणी," फौजदार बायकोला म्हणाले.

"गुळगुळ्याने म्हणतात," बायकोने पलीकडचं ऐकून सांगितलं. "टेम्पोवाला आहे. खुर्चीच्या सौद्यात दर शनिवारी फुकट दाढी ठरलीय, म्हणून गाल गुळगुळीत."

"मग धरा म्हणावं!"

"कशावरून धरू म्हणतात. कागद आणा म्हणतात."

"कागद पाठवलाय म्हणावं!"

"पोचला नाही म्हणतात." इथे मात्र बायकोचा पारा चढला. "मी काय तारमास्तर आहे? घ्या, बोला तुमचं तुम्ही!" आणि तिने फोन त्यांच्या कानाला लावला. तिकडे धाकटीनेही तेच केलं असावं, कारण बराच वेळ नुसते दोन पुरुषांचे श्वास ऐकू येत होते.

"हं," शेवटी फौजदार म्हणाले.

"हं," साडू म्हणाले. मग हळूच, "खुर्ची छान आहे हो."

गाडी रुळावर आली. दोघांनी मिळून अर्ज पुन्हा लिहिला, त्यात 'दात काढण्याची' हे शब्द ठळक केले, आणि संयुक्त तपासाची परवानगी एकदाची आली. अटी मात्र भारी. अलीकडच्या फौजदारांनी पलीकडे वर्दी घालायची नाही, काठी न्यायची नाही, कुणाला हात लावायचा नाही. फक्त बघायचं.

शनिवारी सकाळी ते साध्या कपड्यांत सलूनमध्ये जाऊन बसले. खुर्ची ओळखायला दंतवैद्य सोबत होता. साडू अटकेच्या कागदावर सही आणायला कोर्टात पळाले होते. जाताना बजावून गेले, "मी येईपर्यंत त्याला हलू देऊ नका."

"पण मला हात लावायची बंदी आहे!"

"मग हात न लावता थांबवा."

गुळगुळ्या आला, ऐटीत खुर्चीत बसला. सलूनवाल्याला सगळं माहीत होतं, त्यामुळे तो वेळ काढत होता. त्याने फेस दोनदा लावला, कल्ले चार वेळा सारखे केले. शेवटी दाढी करायला काही उरलंच नाही. गुळगुळ्या टॉवेल झटकून उठायला लागला. फौजदारांनी वर्तमानपत्र घट्ट धरलं. ते उलटं होतं.

तेवढ्यात दंतवैद्य पुढे झाला. त्याने पायाने खुर्चीची कळ दाबली. खुर्ची आडवी झाली.

"आ करा," तो म्हणाला.

"अहो, मी दाढीला आलोय, दाढेला नाही!" गुळगुळ्या ओरडला, पण ओरडायला तोंड उघडावंच लागलं. दंतवैद्याने आत डोकावलं आणि तो चोर, खटला, देश, सगळं विसरला.

"अरे देवा! ही खालची कधीपासून दुखतेय?"

गुळगुळ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुणीतरी विचारलं होतं. "आं हां आं," तो कळवळून सांगू लागला. दंतवैद्याची दोन बोटं तोंडात होती, पण त्याला शब्द न् शब्द कळत होता.

साडू धापा टाकत आले तेव्हा आरोपी अजून आ वासूनच होता. त्यांनी आरोप वाचला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "समजलं का?"

"आं."

"स्पष्ट उत्तर लागतं."

"एक मिनिट हं," दंतवैद्य म्हणाला, "बोटं काढतो."

गुळगुळ्याला अलीकडे सोपवायचे सोपस्कार लांबले. तोवर तो पलीकडच्या चौकीत, आणि मुद्देमाल म्हणून खुर्चीही तिथेच. दाढ ठणकत होती, म्हणून दंतवैद्याला खास परवानगीने पूल ओलांडून यावं लागलं. त्याने चोराला चोरीच्याच खुर्चीत बसवून दाढ उपटली. दोन्ही फौजदार जबाब घ्यायला शेजारी बसले होते.

"मी दाढ दाखवायलाच आलो होतो हो," गुळगुळ्या सांगू लागला. "जीव चालला होता. दार वाजवून वाजवून हात दुखले, आणि तुम्ही लग्नाला! डोकंच फिरलं. टेम्पो बाहेर होता. पुलावर शिपायांना सांगितलं, दवाखान्याची खुर्ची आहे, तर त्यांनी टेम्पोला धक्का मारायला मदत केली. आता कुलूप मी कसं उघडलं, तर..."

आपण नसल्याने हा इतका कळवळला, हे ऐकून दंतवैद्याचा चेहरा पडला होता. तेवढ्यात दाढेच्या जागी रक्त दिसलं आणि त्याने घाईघाईने कापसाचा बोळा गुळगुळ्याच्या तोंडात कोंबला.

"घट्ट चाव. आणि अर्धा तास अजिबात बोलायचं नाही."

"अहो डॉक्टर!" दोन्ही साडू एका सुरात ओरडले. "आत्ता कुठे बोलायला लागला होता!"