गोपाळराव सरांचा ट्रे

आमच्या डी. फार्म. कॉलेजात औषधांचे वर्गीकरण शिकवत नसत, ट्रे शिकवत. लाकडी ट्रे, एका रांगेत दहा खाने आणि प्रत्येक खान्यात मुदत संपलेल्या गोळ्यांची एक पट्टी. कॉलेज निघाले तेव्हा गोपाळराव सरांनी तो भरला, आणि त्यानंतर त्यांनी डोक्याला कसलाही त्रास दिला नाही. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक एकेका पट्टीवर बोट ठेवणार आणि आपण ते औषध कोणत्या गटातले ते सांगणार. रांग कधी बदलली नव्हती. सीनियर पोरे टपरीवर तर्री-पोहे खाता खाता ती ज्युनियरांना देऊन जात: डावीकडून पहिली रक्तदाबाची, दुसरी तापाची, आणि असे करत नववी ॲलर्जीची, शेवटची शुगरची. झाले फार्मासिस्ट.

मी पट्ट्या वाचायला शिकले ते आईमुळे. मीराबाई, म्हणजे माझी आई, रक्तदाबाची गोळी घेते आणि गोळ्या रंगावरून ओळखते. एकदा कंपनीने रंग बदलला तर तिने आठवडाभर गोळीच घेतली नाही. तेव्हापासून मी नाव वाचते, गट पाहते. वर्गात याचे हसू व्हायचे. पंकज म्हणायचा, "दीक्षा, दहा पट्ट्यासाठी एवढं पुस्तक काहून फाडतं वं?" त्याच्या बापाचे पैसे होते, त्याला दहा पट्ट्या पुरत होत्या.

परीक्षेच्या सकाळी शिपायाने टेबल पुसले आणि ट्रे परत ठेवताना फिरवून उलटा ठेवला, डावे टोक उजवीकडे. हे कोणाच्याही लक्षात आले नाही. येणार कसे, त्या खोलीत वाचायची सवय कोणाला होती?

पंकजचा नंबर माझ्या आधी होता. मी दाराजवळच्या बाकावर बसून ऐकत होते. परीक्षकांनी पहिल्या पट्टीवर बोट ठेवले, हा म्हणाला रक्तदाब. पॅरासिटामॉलची पट्टी, जी घरोघरी फ्रिजवर पडलेली असते, तिला हा गडी ठामपणे ॲलर्जीची म्हणाला. परीक्षक गोपाळराव सरांनी दिलेल्या उत्तरांच्या कागदाकडे बघत होते, पट्टीकडे नाही. दहाच्या दहा बरोबर. "छान," ते म्हणाले. मला शिसारी आली.

मग मी. पहिली पट्टी मेटफॉर्मिनची होती. मी शुगर म्हटले. परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. दुसरी सेट्रिझिन. मी ॲलर्जी म्हटले. त्यांनी पेन खाली ठेवले आणि अभ्यास करून येत जा म्हणाले. एका दवाखान्यातल्या औषधांच्या काउंटरवर माझी नोकरी या निकालासाठी थांबली होती. मागून गोपाळराव सर डोळ्यांनी खुणा करत होते, ओठांतल्या ओठांत म्हणत होते, रांग, रांग. रांग मलाही पाठ होती. रक्तदाब, ताप म्हणून टाकले असते तर सुटले असते. पण माझे डोके फिरले. मी पट्टी उचलून परीक्षकांच्या नाकासमोर धरली.

"सर, तुम्हीच वाचा."

त्यांनी वाचली. मग दुसरी वाचली. मग ट्रे हळूच फिरवून सरळ केला आणि आधीच्या मुलांचे काय करायचे ते सरांना विचारले.

"पोरं हुशार हायेत, सर," गोपाळराव सर म्हणाले. "ट्रे उलटा होता, त्यात त्यायचा काय दोष? अन् तिकडे जेवण थंडं होऊन राहिलं."

परीक्षकांनी सही केली. मी कशीबशी पास झाले. नोकरी मिळाली, तेवढे पदरात पडले. पंकज कॉलेजात पहिला आला. हुडकेश्वरच्या चौकात त्याचा पांढऱ्या कोटातला फ्लेक्स लागला आणि महिन्याभरात बापाने त्याला आमच्याच गल्लीत मेडिकल टाकून दिले.

काल मी ड्युटीवरून आले तेव्हा आई गोळी हातात घेऊन पाण्याचा पेला शोधत होती. चिठ्ठीवर तिची नेहमीची अम्लोडिपिन. पट्टी मेटफॉर्मिनची, तशाच पांढऱ्या गोळ्यांची.

मी ती हातातून हिसकावली आणि पंकजने वाचून दिली का विचारले.

"त्याले वाचा लागत नाही," आई कौतुकाने म्हणाली. "हात बसला हाये त्याचा. न पाहता डावीकडून पहिल्या खान्यातून काढते. आज तर सकाळीच दुकानातल्या पोऱ्यानं सारं कपाट पुसून परत लावलं, तरी पटकन काढून देल्ली."

मी पट्टी घेऊन चपला घालू लागले. भांडायला निघाले हे तिला कळले. ती दारात आडवी उभी राहिली.

"पहिला आलेला पोरगा हाये तो, दीक्षा. तुह्या पोटात काहून दुखून राहिलं वं?"