एक डबा आपला, एक डबा त्यांचा

मी गिरणीपुढचा बाक बोलतोय. गंगापूर रोडकडे जाताना डाव्या हाताच्या गल्लीत ललिताबाईंची पिठाची गिरणी आहे ना, तिच्या दारातला. दळण घेऊन आलेलं माणूस माझ्यावर टेकतं आणि टेकलेलं माणूस बोलतं. कोणाच्या मुलीला पाहायला आले होते, कोणाच्या सुनेचं माहेरी जाणं वाढलंय, सगळं मला ठाऊक. चोंबडा म्हणा हवं तर. पण एकदा असं काही घडलं, की त्या चोंबडेपणाचाही मला अभिमान वाटतो. तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म १९९२ सालचा, पंचवटीतल्या पुंजा सुतारांच्या हातचा. लाकूड सागाचं. सुरगाण्याकडच्या कुठल्याशा घराची तुळई होती म्हणे. "ताई, चक्की बदलाल, पण हा बाक बदलावा लागणार नाही," असं सुतार म्हणाले होते. चक्की दोनदा बदलली. मी आहे तिथेच.

गिरणीची एक रीत होती. डबा माझ्यावर ठेवायचा आणि खुशाल निघून जायचं. नंबर डबाच धरायचा. दुसरी रीत अशी, की नागली, म्हणजे आपली नाचणी, आणि बाजरी फक्त गुरुवारी संध्याकाळी. नागलीमागून गहू दळला, की पिठाला करडी झाक येते, आणि पोळी जरा काळपट झाली की आमच्या गल्लीत चर्चा आठवडाभर!

२००३चा उन्हाळा होता. गल्लीच्या तोंडाशी सरकारी कचेरी आहे. तिच्यापुढे सुरगाणा-पेठकडची तीनेकशे माणसं येऊन भर रस्त्यात बसली. बापजाद्यांपासून कसत आलेली जंगलातली जमीन नावावर करा, एवढं त्यांचं मागणं. गल्लीला मात्र ऐकू यायचे फक्त घोषणा आणि हॉर्न. रिक्षा आत येईनात. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

सगळ्यात जास्त तापले खंडेरावकाका. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आवक-जावक कारकून म्हणून उभी नोकरी केलेला माणूस. त्यांनी अर्ज लिहिला, 'रस्त्यावरील गर्दी त्वरित हटवावी.' आणि सह्या कुठे गोळा केल्या? माझ्यावर! दोन दिवसांत साठ सह्या. काका बॉलपेन असं दाबून धरायचे, की अर्जाच्या खुणा माझ्या पाठीवर उमटल्या. सोमवारी अर्ज पोलिसांत जायचा होता.

त्याआधीच्या गुरुवारी भरदुपारी मोर्चातली एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन आली. भागीबाई तिचं नाव.

"नागली हाय. दळून देशील का, बाई? घरून आणलेलं पीठ संपलं."

ललिताबाई बोलायच्या आत रांगेतली एकजण फणकारली, "संध्याकाळी या म्हणावं. आमच्या गव्हात नको ते काळं!"

भागीबाईने गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं. उन्हातून आली तशी उन्हात गेली. ललिताबाईंनी चक्की बंद केली आणि माझ्यावर येऊन बसल्या. रांग उभी आणि गिरणी बंद, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी काकांना गळ घातली, "तुम्हीच जाऊन बोला ना त्यांच्याशी." काका गेले. पण बोलायला गेलेला माणूस उभा आणि ऐकणारे खाली बसलेले! हे वरून ओरडले, ते खालून ओरडले. काका आणखी लालबुंद होऊन परतले.

ललिताबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, पण डोकं भारी. शुक्रवारी सकाळी त्यांनी खडूने दारावर नवी रीत लिहिली: 'एक डबा आपला, एक डबा त्यांचा. दळण होईपर्यंत ज्याने त्याने आपल्या डब्याशेजारी बसायचे. आधी धान्याचे बोलायचे, मग मोर्चाचे.'

केवढा गहजब! "पोळ्या काळ्या होतील त्याचं काय?" ललिताबाई म्हणाल्या, "नागली झाली की मधली ओंजळ माझ्या घरच्या गव्हाची टाकीन, चक्कीतलं काळं तिच्यात निघून येईल. काळी पोळी मी खाईन, मग तर झालं?" तरी चारजणी दुसऱ्या गिरणीत गेल्या. जाऊ देत. बाकीच्या बसल्या. काय करणार, घरी पीठ नको?

पहिला तासभर माझ्यावर नुसतं घसे खाकरणं. मग आपल्यातल्या एकीने विचारलं, "ही नागलीची भाकरी थापताना तुटत नाही?" मोर्चातली एकजण म्हणाली, "उकळत्या पाण्यात भिजव की!" आणि माझ्या पाठीवर गलका सुरू झाला.

शनिवारी भागीबाईनंतरचा नंबर खंडेरावकाकांचा आला. दोघं माझ्या दोन टोकांना, मध्ये दोन डबे. रीत म्हणजे रीत. आधी नागलीचं झालं, गव्हाचं झालं. मग काका म्हणाले, "सगळं खरं, पण रस्त्यावर कशाला बसता?"

"तालुक्याला नऊ खेपा मारल्या, दादा. कागद देतो तर म्हणतात, ठेव तिथं. परत गेलं तर म्हणतात, कुठला कागद? तीस पावसाळे ती जागा कसते मी. औंदा पेरणीआधी कागद लागला नाय, तर जंगलखात्याची माणसं झाडं लावायला माझ्या शेतात चर खणणार हायेत. मग खाऊ काय, चर?"

काका ताडकन म्हणाले, "पोच घेतली होती का?"

"पोच काय असतंय?"

"नऊ वेळा अर्ज दिलात आणि एकदाही पोच नाही?" काकांनी कपाळावर हात मारला. "अहो मावशी, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायचीच नाही!"

मग भागीबाईने विचारलं, "आणि तुमाला काय तरास हाय, दादा? परवा लय ओरडलात."

काका म्हणाले, "बायकोचा पाय. रोज अकराला मालिशला न्यावं लागतं. रिक्षा येत नाही. दोन ठिकाणी बसवत बसवत चालवतो तिला."

"मग हे सांगायचं का नाय? आमाला वाटलं, आमच्या अंगाचा वास येतोय म्हणून खिडक्या लावता!"

ती उठली, तिने चार माणसं बोलावली आणि मला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा मी गिरणीचं दार सोडलं! रस्त्याच्या मधोमध मला ठेवलं, माझ्या पायाला दोर बांधला आणि माणसं एका अंगाला सरकली. दुसऱ्या अंगाने रिक्षा जाऊ लागल्या. दोराची राखण कोणी करायची? एक त्यांचा, एक आपला. दोघं माझ्यावरच बसायचे. पहिली रिक्षा काकूंची गेली, तेव्हा भागीबाईने रस्त्यातला दगड पायाने बाजूला केला.

दुपारपासून काकांची कचेरी माझ्यावर भरली. प्रत्येकाचा अर्ज, दोन प्रती. सोमवारी सह्यांचा अर्ज त्यांच्या खिशातच राहिला. ते भागीबाईबरोबर कचेरीच्या खिडकीवर गेले आणि म्हणाले, "शिक्का मारा. आम्हाला घाई नाही." मागे तीनशे माणसं आणि गल्लीतल्या वीसेक बायका रांगेत, नंबर धरायला हातात रिकामे डबे! सांजेपर्यंत शिक्के पडत होते. भागीबाईने पोच पदराच्या गाठीत बांधली. माणसं गावाकडे परतली आणि मी गिरणीच्या दारात. त्या साली ती पोच दाखवल्यावर तिच्या शेतात चर पडला नाही. नागली पडली.

जमीन नावावर व्हायला मात्र २००९ उजाडलं. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पहिली आली ती गिरणीवर. काका तोवर काठी टेकत यायला लागले होते. तिने कागद माझ्यावर पसरला. काकांनी आवक क्रमांक बोट ठेवून वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा पुसायला लागले. कागदाखाली माझ्या पाठीवर त्यांच्याच पेनच्या खुणा होत्या. हटवण्याच्या अर्जाच्या आणि त्याच्यावरच नंतर लिहिलेल्या भागीबाईच्या अर्जाच्या. आता कुठली कुठली, ते माझं मलाही ओळखू येत नाही.

माझा एक पाय हल्ली विटेवर आहे. परवा ललिताबाई म्हणत होत्या, बाकाला रंधा मारून छान गुळगुळीत करून घेऊ. पाय खुशाल बदला, बाई. पण पाठीला रंधा नको. आणि तुम्ही दळण घेऊन आलात, तर टोकाला सरकून बसा. दुसरा डबा यायचा असतो.