पत्र्याचं पक्कं बिल

दहावीतल्या दीक्षाला जीएसटीचं गणित असं मुखपाठ होतं, की झोपेतून उठवून विचारावं! तिचे बाबा, रोशन, हुडकेश्वरच्या भाड्याच्या शेडमध्ये लोखंडी आलमाऱ्या बनवत. गेल्या महिन्यात तिनं त्यांचाच वर्ग घेतला.

"बाबा, आता कच्च्या बिलावर पत्रा घ्याचा नाही. पाहा, पत्रा एक लाखाचा. अठरा टक्क्यानं अठरा हजार तुम्ही पत्रेवाल्या भैय्याजीले देता. आलमाऱ्या दीड लाखाच्या, सदर बाजारातला दुकानदार तुमाले सत्तावीस हजार टॅक्स देते. त्यातून अठरा वजा. सरकारले फक्त नऊ!"

"मास्तरीणच झाली वं तू!"

रोशननं पक्क्या बिलावर पत्रा घेतला. आलमाऱ्या गेल्या, पैसे आले. त्यानं नऊ हजार टॅक्ससाठी ठेवले आणि अठरा हजार शेडमालकासाठी. वीस तारखेपर्यंत वाढीव डिपॉझिट दिलं नाही, तर शेड दुसऱ्याला जाणार होती.

एकोणीसला बापलेक रिटर्न भरायला रामदासपेठेत कर सल्लागार मिनलताईंकडे गेले. ताईंनी पोर्टल उघडलं आणि यादी दोनदा वरखाली केली.

"भैय्याजीचं बिल इथं दिसत नाही."

"हे काय, छापील आहे न!" दीक्षानं कागद पुढे केला.

"बिल खरंच आहे गं. पण त्यानं ते स्वतःच्या विक्रीत दाखवलंच नाही. तो दाखवत नाही तोवर तुमचे अठरा वजा होत नाहीत. पूर्ण सत्तावीस भरावे लागतील."

"पण आम्ही तर दिले!"

"त्याला दिले. सरकारला नाही पोचले."

भैय्याजीचा फोन बंद. दोघं गाडीवरून दुकानावर गेले, तर शटरला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "पंधरा दिवस झाले. रोज कोणी ना कोणी येऊन राहिलं."

"बाबा, टॅक्स उशिरा भरला तर?" दीक्षानं हळूच विचारलं. "आधी डिपॉझिट देऊन टाकू."

"व्याज लागन. अन् सदरवाल्याचं काय? आपण नाही भरलं, तर तोबी असाच अडकन. त्यानं तर पैसे देले न आपल्याले? त्यानं काहून भोगाचं?"

दीक्षानं रात्रभर आकडे उलटेपालटे करून पाहिले. गणित दर वेळी बरोबरच येत होतं.

वीसला डिपॉझिटचे अठरा घालून सत्तावीस हजार भरले. एकवीसला वेल्डिंग मशीन टेम्पोत चढली.

"मले रागवा न, बाबा!"

"काहून रागवू वं? तू काय खोटं सांगितलं?"

टेम्पोवाल्यानं इंजिन चालू केलं. "कुठं न्याचं, भाऊ?"

रोशन मशीनवर हात ठेवून उभाच राहिला. टेम्पोवाल्यानं पुन्हा विचारलं, आणि मग इंजिन बंद केलं.