विकतचा साप

साप आजारी आहे हे मला त्याच्या आवाजावरून कळले. जिने उभे आयुष्य नर्स म्हणून रुग्णालयाच्या वॉर्डात काढले, तिला छातीतली घरघर ओळखण्यासाठी कानाला नळी लावावी लागत नाही. मी बोंगुमूसाच्या खोलीत त्याचे शर्ट घड्या घालून ठेवत होते. कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीतून एक बारीक शिटी येई, थांबे आणि पुन्हा येई. जवळ जाऊन पाहिले, तर सापाने मान छताकडे ताणून धरली होती आणि तोंड किंचित उघडे होते. नाकपुडीशी एक बुडबुडा फुगला आणि फुटला. न्यूमोनियाची मुले अशीच मान वर करून श्वास शोधतात. मी उरलेल्या शर्टाची घडी घातली, कपाट बंद केले आणि मग सुनेला हाक मारली.

बोंगुमूसा हा माझा एकुलता मुलगा. हिवाळ्याच्या तोंडाशी, शहराबाहेरच्या डोंगरउतारावर, एक मालवाहू ट्रक त्याच्या नव्या गाडीवर आला. शवागारात ओळख पटवायला मीच गेले. तिथल्या माणसाला चादर नीट ओढायला सांगितली, सही केली आणि घरी येऊन चहा ठेवला. मी रडले नाही, हे इंबाली वस्तीतल्या आमच्या गल्लीने पाहून ठेवले.

"मा, मी त्याला दुकानात परत देऊन येते," थोबिले म्हणाली. वैधव्याच्या काळ्या कपड्यांत ती अजूनच बारीक दिसत असे.

"आजारी जनावर दुकान परत घेत नाही. आणि माझ्या घरातून कुणाला आजारी म्हणून बाहेर काढलं जात नाही."

"लोक काय बोलतात ते आलंय ना तुमच्या कानावर?"

"माझे कान शाबूत आहेत, थोबिले. टॉवेल आण."

आमच्या लोकांत साप घरी येण्याचे दोन मार्ग आहेत. एक साप आपल्या मर्जीने येतो. तो घरातला कुणी गेलेला माणूस असतो, भेटीला आलेला. त्याला कुणी हात लावत नाही, कोंडत नाही. दारे उघडी ठेवतात, आणि तो आला तसा जातो. दुसरा साप विकत आणावा लागतो. तो घरात पैसा ओढून आणतो आणि मोबदल्यात घरातले एकेक माणूस मागतो. ज्याने तो आणला त्याने 'ओझे उचलले' असे म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून. माझ्या मुलाला बढती मिळाली, त्याने गाडी घेतली, मागे दोन खोल्या वाढवल्या, आणि कुत्र्यामांजरांचे खाणे विकणाऱ्या मॉलमधल्या दुकानातून, भर दुपारी, एक साप विकत आणला. लहानपणापासून त्याला असल्या प्राण्यांचे वेड होते. माझ्या नातीने, लोंदेकाने, सापाचे नाव न्तांबो, म्हणजे दोरी, असे ठेवले. मग तो ट्रक आला. पुढचे गल्लीने आपले आपण जुळवून घेतले. लोंदेकाशी खेळायला कुणी मूल येईनासे झाले.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई वीरासामी यांनी न्तांबोला हातात घेऊन त्याचे तोंड पाहिले.

"छातीत संसर्ग आहे, मॅट्रन. वीज जाते तेव्हा त्याच्या पेटीचं काय करता?"

"वीज जाते तेव्हा सगळ्यांचंच काय व्हायचं ते होतं."

"त्याला स्वतःची ऊब नसते. पेटी गार पडली की तो गार पडतो. सगळीच इंजेक्शनं भरून देते, ती बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दर तिसऱ्या दिवशी एक. टोचण्याआधी अंगाच्या उबेने वितळवायचं. मध्ये चुकवू नका, नाहीतर हाताला लागायचा नाही. आणि धूर अजिबात नको. टोचायला इथे आणाल की—"

"तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून मी टोचते आहे, बाई. जागा दाखवा फक्त."

त्यांनी पाठीच्या कण्याशेजारची, पुढच्या भागातली जागा दाखवली. मी तिथल्या तिथे पहिले इंजेक्शन दिले.

तेव्हापासून घराला एक वेळापत्रक आले, आणि मला त्याचे बरे वाटले असेल, असे मी आज समजते. त्या वेळी काही वाटत नव्हते. वीज गेली की मी गॅसवर पाणी तापवी, रबराच्या पिशवीत भरी, पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवी. माझ्या बोटांना चटका बसलेला मला संध्याकाळी फोड पाहून कळे.

शेजारीण माशेझी कुंपणाशी कपडे वाळत घालताना नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागली.

"मामचुनू, तुमच्या त्या पाहुण्याला बरं नाही म्हणे?"

"सर्दी झाली आहे."

"सर्दी! अगं बाई." तिने एक मोजा दोनदा झटकला. "धनी गेला की तेही मागोमाग जातं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक म्हणतात हो. मी कशाला म्हणू?"

"मग लोकांना सांगा, तो इंजेक्शनं घेतो आहे. ज्यांनी ओझं उचललंय त्यांच्याकडच्यालाही लागत असतील, तर नावं कळवा. मी घरी येऊन टोचीन, पैसे घेणार नाही."

तिच्या हातातला चिमटा पडला. तो उचलायला ती वाकली नाही.

माझे दीर झिबुसे, नवऱ्याच्या मागे घरातले कर्ते पुरुष, गावाहून आले ते टोपी हातात घेऊन, दारापाशीच उभे राहिले. घराच्या शुद्धीचा दिवस ठरवायचा होता. मृत्यूचा विटाळ बकरी कापून, आंबवलेल्या ज्वारीची बिअर वाटून, पूर्वजांना हाक घालून धुवायचा असतो. त्या दिवशी सगळे नातलग आणि सगळी गल्ली आपल्या घरी जेवली, तर ते घर पुन्हा लोकांत आले असे समजतात.

"वहिनी, ते जनावर असेपर्यंत इथे कुणी घास तोंडात घालणार नाही."

"मग उपाशी जातील."

"बोंगुमूसाचं नाव जातंय, वहिनी! थडग्यावरची माती अजून बसली नाही."

"म्हणूनच तो साप जगायला हवा," मी म्हणाले. "मेला, तर म्हणतील धन्यामागे गेला. सोडून दिला, तर म्हणतील आता दुसऱ्या घरी लागला. तो बरा होईल, उंदीर खाईल, कात टाकील, म्हातारा होईल. लोकांना त्याचा कंटाळा येईल. मग ते दुसरं काही बोलायला शोधतील. माझ्या मुलाने जनावर पाळलं होतं, एवढंच शेवटी उरेल."

झिबुसेंनी टोपीची कड फिरवली. "तुम्हाला रडू तरी येतं का हो, वहिनी?" त्यांनी विचारले. ते खरोखर जाणून घ्यायला विचारत होते. मी त्यांना चहात साखर किती ते विचारले.

शुद्धीच्या दिवशी पश्चिमेच्या डोंगरांत बर्फ पडले होते आणि वारा सरळ तिथून येत होता. सकाळीच वीज गेली. बोंगुमूसाच्या खोलीत पूर्वजांसाठी सुवासिक गवताचा धूर करायचा होता, म्हणून मी न्तांबोला एका उशीच्या अभ्र्यात घातले, अभ्र्याचे तोंड फितीने बांधले आणि माझ्या खोलीत पलंगावर, गरम पिशवीशेजारी ठेवले. औषधाचा दिवस होता. त्याची शिटी आता जवळून कान दिला तरच ऐकू येई, पण निम्मी इंजेक्शने अजून उरली होती. बर्फाच्या कप्प्यातले एक काढून मी काखेत धरले आणि पाहुण्यांचे स्वागत करायला गेले.

माणसे आली. अंगणात आली, घरात फारशी आली नाहीत. बिअरचे मडके फिरले, तसे ते भरलेलेच परत येत होते. माझ्या नवऱ्याच्या आत्या, दुदू आत्या, गावाहून आल्या होत्या. वय झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या थंडीने कापत होत्या, म्हणून कुणीतरी मला न विचारता त्यांना माझ्या खोलीत नेऊन पलंगावर बसवले आणि वर घोंगडी घातली.

थोड्या वेळाने आतून गाण्यासारखा आवाज आला. त्या म्सोमी कुळातल्या, म्हणजे माझ्या सासरच्या, पूर्वजांची नावे म्हणत होत्या, एकामागून एक, पणजोबांच्याही मागची. मी दाराशी पोहोचले तेव्हा माझ्या मागे वीसेक माणसे गोळा झाली होती. अभ्र्याची फीत सुटली होती आणि तो पलंगावर रिकामा पडला होता. गरम पिशवी गार झाली असावी, आणि सापाला जवळची ऊब सापडली होती. तो आत्यांच्या मांडीवर वेटोळे करून होता. त्यांचा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता.

"आला गं," त्या म्हणाल्या. "मामचुनू, तुझा लेक आला. आईच्याच खोलीत आला बघ. दुसरीकडे कुठे जाणार?"

कुणी किंचाळले नाही. झिबुसे यांनी टोपी काढली आणि ते गुडघ्यांवर बसले. त्यांच्यामागे बाकीचेही बसले. "घरी आलास, बाळा," झिबुसे म्हणाले. दारातून माशेझीने आत डोकावले, हातातले मडके खाली ठेवले आणि हातांनी तोंड झाकून ती म्हणू लागली, "माफ कर रे मला. मी उगाच काहीबाही बोलले."

आत्यांनी सापाच्या नाकपुडीवरचा ओलावा बोटाने पुसला. "रडतोय गं," त्या म्हणाल्या.

"दारं उघडा," झिबुसेंनी सांगितले. "खिडक्याही. त्याला कुणी शिवायचं नाही. त्याला वाटेल तेव्हा जाऊ दे."

कुणीतरी खिडकी उघडली. बर्फावरचा वारा आत आला.

मला काहीच करायचे नव्हते. गप्प उभे राहायचे होते, बस्स. गप्प राहणे मला कधी जड गेलेले नाही. गल्ली आज इथे जेवली असती. लोंदेकाच्या दाराशी उद्या मुली आल्या असत्या. माझा मुलगा ओझे उचलणारा नव्हे, परत येणारा ठरला असता. आणि ज्याला कुणी शिवू शकत नाही, कोंडू शकत नाही, त्याला कुणी सुईही टोचू शकत नाही. तो त्या उघड्या दारातून बाहेर गेला असता आणि सकाळपर्यंत कुंपणाशी ताठून पडला असता.

थोबिले माझ्या शेजारी होती. "मा," ती इतक्या हळू म्हणाली की ते मलाच ऐकू गेले, "राहू द्या ना."

मी सापाकडे पाहिले. नीट पाहिले. मी माझ्या मुलाला शवागारातही ओळखले होते.

"खिडकी लावा," मी म्हणाले. "आत्याबाई, हा बोंगुमूसा नव्हे."

"मग कोण?"

"बोंगुमूसाने दुकानातून आणलेलं जनावर. त्याच्या छातीत कफ आहे, आणि औषधाची वेळ झाली आहे."

"वहिनी, गप्प बसा!" झिबुसे माझ्याशी त्या सुरात पूर्वी कधी बोलले नव्हते. "त्याचं नाव आत्ता, या घटकेला धुऊन निघालंय. एक शब्द बोलू नका."

"माझ्या मुलाने लबाडी केली नाही, भाऊजी. त्याचं नाव मी लबाडीने धुणार नाही. माशेझी, आत या. शेपटीकडून धरा."

"मी? नाही हो! मी नाही!"

"तुम्हीच धरलेलं बरं होतं. गल्लीत सांगायला तुमच्याइतकं कुणी नाही."

माशेझी उठली ती थेट अंगणात गेली. दुसरे कुणी हलले नाही. मग थोबिले काळा झगा सावरत पुढे आली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. आत्यांच्या मांडीवरून तिने साप उचलला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला. त्या सापाला तिने तोवर कधी हात लावलेला नव्हता.

मी काखेतले इंजेक्शन काढले. खवल्यांच्या कडेने सुई आत गेली. साप एकदा आकसला. औषध गेले, मी सुई काढली. घरावर वीज कोसळली नाही, कुणी भोवळ येऊन पडले नाही. एका पाळीव जनावराला इंजेक्शन दिले गेले, आणि ते वीसेक माणसांनी पाहिले.

झिबुसेंनी टोपी डोक्यावर घातली आणि ते बाहेर गेले. फाटक वाजले, पुन्हा वाजले. काहीजण राहिले. ते अंगणात शेगडीभोवती बसून मांस खाऊ लागले, खाली मान घालून, भूक लागल्यासारखे. किती गेले आणि किती राहिले ते मी पाहिले नाही.

आत्यांचे हात मांडीवर तसेच उघडे होते.

"हा तो नव्हे म्हणतेस," त्या म्हणाल्या. "मग तो कुठे आहे गं, मामचुनू?"

वॉर्डात मला असे पुष्कळांनी विचारले होते. मुलांच्या आयांनी, गेलेल्यांच्या बायकांनी. त्यांना सांगायची वाक्ये मला पाठ होती, आणि मी ती नव्या नर्सनाही शिकवली होती. मी त्यांतले एक आठवायचा प्रयत्न केला.

"माहीत नाही, आत्याबाई," मी म्हणाले.

थोबिलेने साप अजून सोडला नव्हता. मी टोचलेल्या जागी कापसाचा बोळा दाबून धरला. रक्त आले नव्हते. मी तो धरूनच राहिले.