साठ लिटर, शून्य किलोमीटर

"शून्याने भाग जात नाही, हे कितवीत शिकवलं होतं तुला?" बाबांनी विचारलं.

चौतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. पोटच्या पोराला फळ्यासमोर उभं केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. माझी नवी इलेक्ट्रिक गाडी, किलोमीटरला सव्वा रुपया. त्यांची जुनी पेट्रोल गाडी, वर्षात वॉचमनकरवी आणवलेलं साठ लिटर पेट्रोल आणि अंतर शून्य. मोतीबिंदूनंतर त्यांनी गाडी चालवणंच सोडलं होतं.

"मग पेट्रोल प्यायलात का?"

"हो. चहात. दूध परवडत नाही."

हा खवचटपणा मी लहानपणापासून ऐकतोय. पार्किंगची जागा एकच, तिथे मला चार्जिंग पॉइंट बसवायचा होता.

"गाडी विकतोय," मी म्हणालो.

"विका. आपण शहाणे. आम्ही किलोमीटरला किती पडतो, तेही काढून ठेवा."

शनिवारी गाडी गेली. बाबा बाल्कनीतसुद्धा आले नाहीत.

संध्याकाळी पाचला मी एरवी खराडीला ऑफिसात असतो. त्या सोमवारी घरून काम होतं. खाली उतरलो तर बाबा माझ्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर! मी तणतणत दार उघडलं.

"ठोकाल कुठेतरी!"

"जायचंय कुणाला?" ते म्हणाले.

शेजारी आई बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी. दोन वर्षांत तिला आमची नावंही आठवेनाशी झाली होती.

"अहो, सुरू करा ना," ती रडवेली झाली होती. "रोज कशी घरघरते! दिवेलागणीच्या आत लोणीला पोचायला हवं. आई वाट बघत असेल."

लोणी काळभोर तिचं माहेर. तिथे आता कुणीच नाही. रोज पाचला ती पिशवी भरायची, आणि ती शांत होईपर्यंत बाबा इंजिन चालू ठेवून तिच्याशेजारी बसायचे. साठ लिटरचा हिशेब मला तेव्हा लागला. स्वतःची लाज वाटली.

मी वाकून बटण दाबलं. दिवे लागले, पण आवाज नाही.

"झाली सुरू, आई."

"खोटं!" ती बाबांकडे वळली. "हे गृहस्थ कोण? त्यांना जाऊ द्या. आपल्याला उशीर होतोय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, मान ताठ केली आणि घशातून आवाज काढला, "घर्रर्र..."

आईची पिशवीवरची मूठ सैल झाली. "निघालो बाई," ती म्हणाली.

मी बाहेरून हलकेच दार लावून घेतलं.