भोंगा गप्प बसतो

"खोली दाखवा," लॅपटॉपमधून परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या बाईंचा आवाज आला. "चारही भिंती. मग टेबलाखाली. सावकाश."

भोंग्याने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि गरम पातेलं धरावं तसा धरून तो खोलीभर फिरला. कपाट दाखवलं, खिडकी दाखवली, टेबलाखाली वाकून दाखवलं. तिथे एक चप्पल उलटी पडली होती. चपलेच्या तळाला उत्तरं लिहिलीत असा संशय बाईंना आला तर?

"घरात दुसरं कोणी आहे?"

"बायको आहे. स्वयंपाकघरात. ती इकडे येणार नाही."

"परीक्षा चालू असताना कोणी आत आलं, तुम्ही जागेवरून उठलात किंवा तुमचा आवाज ऐकू आला, तर इशारा मिळेल. तिसऱ्या इशाऱ्याला पेपर रद्द. माहिती आहे ना?"

माहिती होतं. मागच्या खेपेला हाच पेपर ह्याच कारणाने रद्द झाला होता आणि ही शेवटची संधी होती. आज पेपर गेला की पदवी गेली आणि पदवीबरोबर नोकरीतली जागाही.

बाईंनी "सुरू करा" म्हटलं. भोंग्याने शेजारच्या पेल्यातून पाण्याचा एक मोठा घोट घेतला आणि तो गिळलाच नाही. तोंडात तसाच धरून ठेवला. ही युक्ती बायकोची. "तोंडात पाणी असलं की माणूस बोलणार कसा?" असं ती म्हणाली होती, आणि एवढ्या साध्या गोष्टीला विद्यापीठाकडेही उत्तर नसेल असं दोघांना वाटलं होतं.

आता भोंगा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. सगळ्या शहराला पाणी पुरवणाऱ्या शुद्धीकरण केंद्रात तो पाळीप्रमुख होता, आणि तिथे त्याचा आवाज फाटकापासून टाकीपर्यंत ऐकू यायचा, म्हणून ते नाव पडलं. केंद्रात वाळूने भरलेल्या मोठमोठ्या टाक्या होत्या. वरून गढूळ पाणी सोडायचं, ते वाळूतून गाळलं जाऊन खाली यायचं. वाळूत घाण साचली की टाकी रिकामी करायची आणि खालून जोरात उलटं पाणी सोडून वाळू धुवायची. काम तसं सरळ. फक्त कधीकधी त्या रिकाम्या टाकीत, वाळूवर, माणूस उतरलेला असतो. वरच्या कट्ट्यावर जिथे व्हॉल्व्हचं चाक आहे तिथून तो दिसत नाही.

भोंगा नवा नवा कामाला लागला तेव्हा थोरले मिस्त्री असेच खाली उतरले होते. वर कोणीतरी न बोलता चाक फिरवलं. खालून पाणी आलं की वाळू वाळू राहत नाही, चिखलाहून पातळ होते. आरडाओरडा ऐकून भोंगा धावत टाकीच्या काठाशी गेला. मिस्त्री तोवर छातीपर्यंत आत गेले होते. चाक उलटं फिरवून पाणी बंद करेपर्यंत वर फक्त त्यांची पिवळी टोपी उरली होती.

त्यानंतर नियम झाला. चाकाला हात लावण्याआधी त्याच्याकडे बोट दाखवायचं, टाकीचा नंबर मोठ्याने म्हणायचा, काय करणार ते म्हणायचं, आणि थांबायचं. खालून "उघडा" आलं किंवा कोणीच नाही याची खात्री झाली, की मगच हात लावायचा. बाकीचे लोक महिनाभर ओरडले आणि मग लाजायला लागले. एकटं एकटं ओरडणारा माणूस वेडा दिसतो, हेही खरंच. भोंगा मात्र लाजला नाही, कारण तो मनापासून भ्यालेला होता. "चार नंबर! धुण्याचं पाणी! उघडतोय!" अशी त्याची आरोळी वर्षानुवर्षं रोज उठत राहिली. सवय इतकी अंगात भिनली की घरीसुद्धा तो शेगडीकडे बोट दाखवून "गॅस! बंद करतोय!" म्हणायचा. बायको आतून म्हणायची, "कळलं हो, सगळ्या गल्लीला कळलं."

मग वरून हुकूम आला. पाळीप्रमुख पदवीधरच हवा. नसेल त्याने फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या. फाटकाचं भोंग्याला भय नव्हतं, उलट तिथे सावली चांगली होती. त्याला भय वाटलं ते आपल्या जागी जो कोणी येईल त्याचं. तो ओरडेल का? खाली माणूस आहे की नाही हे विचारायला थांबेल का? ह्या विचाराने त्याची झोप उडाली.

अशात कोणीतरी सांगितलं की एक विद्यापीठ घरबसल्या पदवी देतं, कामाचा अनुभव जमेस धरतं आणि जुनं अर्धवट शिक्षणही वाया जाऊ देत नाही. भोंग्याने तरुणपणी दोन वर्षं कॉलेज केलं होतं. वडिलांनी अंथरूण धरलं आणि ते सुटलं. त्या दोन वर्षांचे क्रेडिट जुन्या कॉलेजने शोधून काढून दिले. अनुभवाच्या क्रेडिटसाठी पडद्यावर तीन प्राध्यापकांनी मुलाखत घेतली. "इतक्या वर्षांत कामातून काय शिकलात?" असं एकाने विचारलं. "भ्यायला शिकलो, सर," भोंगा म्हणाला. ते तिघे आधी हसले, मग त्यांनी टाकीची सगळी हकीकत विचारून घेतली आणि मागितले तेवढे क्रेडिट दिले. उरले मोजके पेपर. तेही निघाले, हा एक सोडून. हा त्याच्याच कामाचा पेपर होता. बाकीच्या विषयांत तो घुम्यासारखा बसायचा, पण ह्या पेपरात व्हॉल्व्ह आणि टाक्या दिसल्या की तोंड आपोआप उघडायचं आणि बोट पडद्याकडे जायचं.

पेपर रद्द झाल्यावर बायकोने त्याला हाताखाली घेतलं. तो सरावाचे प्रश्न सोडवायला बसला की ती शेजारी भाजी चिरत बसायची. त्याचे ओठ हलले की सुरीची मूठ फळीवर आपटायची. टक. बोट उठलं, टक. नळ बंद करताना बोलला, टक. सुरुवातीला घरात सुताराचं दुकान थाटल्यासारखं वाटायचं. हळूहळू टकटक कमी झाली आणि मग थांबलीच. बायको म्हणाली, "बघा, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आपण जिवंतपणी घालवली."

एवढं सगळं करून तो आज इथे बसला होता, गाल फुगवून. पहिले प्रश्न सोपे गेले. तोंडातलं पाणी कोमट झालं. त्यात क्लोरीन किंचित जास्त आहे हेही त्याच्या लक्षात आलं. कालची दुसरी पाळी कोणाची होती ते त्याला ठाऊक होतं.

"एक मिनिट," अचानक बाईंचा आवाज आला. "तुमचे गाल असे का दिसताहेत? तोंडात काय आहे?"

बोलावं तर पाणी, न बोलावं तर संशय. भोंग्याने डोळे मिटून घोट गिळला, तो अर्धा चुकीच्या नळीत गेला, आणि ठसका लागला.

"पाणी होतं, मॅडम. नुसतं पाणी."

"पेला बाजूला ठेवा. हा पहिला इशारा."

पुढचा प्रश्न उघडला आणि नेमका तोच आला. वाळूची टाकी उलट्या पाण्याने धुताना कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने कराल? समोर पर्याय होते. भोंग्याला आयुष्यात दुसरं काही येत नसेल, पण हे येत होतं. तरी त्याला क्रम लागेना. आजवर तो त्याने मनात म्हटलाच नव्हता, तो तोंडात होता. त्याने ओठ दातांत धरले. उजवा हात उठायला लागला.

"हात खाली. कोणाला खूण करताय? दुसरा इशारा."

त्याने उजवा हात मांडीखाली घेतला आणि त्यावर सगळा भार देऊन बसला. मनातल्या मनात, एकेक शब्द पुढे ढकलत, त्याने क्रम लावला. माणसं बाहेर आली का ते बघणे, हा एक पर्याय शेवटच्या ओळीत होता. तो त्याने पहिला नेला. हात बधिर झाला, घड्याळ संपत आलं, पण तो शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. बाईंनी "धन्यवाद" म्हणून पडदा काळा केला तेव्हा त्याला बायकोला हाकही मारवेना. तो दार उघडून नुसता उभा राहिला.

"काय झालं?"

"गप्प बसलो," तो म्हणाला.

निकाल आठवड्याने लागणार होता. पण भोंग्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. कितीतरी महिन्यांनी तो केंद्रात शीळ घालत गेला.

त्या दिवशी टाकीत बेडूक उतरला होता. बेडूक म्हणजे केंद्राचा फिटर. दिवसाचे बारा तास पाण्यात असायचा म्हणून बेडूक. त्याची आणि भोंग्याची नोकरी बरोबरच सुरू झालेली. जीभ अशी की टाकीच्या तळातूनही टोमणे मारेल. "भोंग्या, साहेब झालास तरी ओरडायचं सोडू नकोस हं," तो उतरताना म्हणाला. "तुझा आवाज आला नाही तर मला खाली झोप लागते."

काम झालं, बेडूक शिडीवरून वर आला, हात हलवून "झालं" म्हणाला आणि हत्यारांच्या पेटीकडे गेला. भोंगा कट्ट्यावर चाकाशी पोचला. निकाल लागला की पहिल्यांदा कोणाला सांगायचं, याचा विचार चालू होता. त्याने चाकावर हात ठेवला आणि फिरवला. चाक जड होतं. त्याने आणखी एक फेरा दिला. वाळूखाली पाणी गुरगुरलं.

"अरे ए! ए! बंद कर!"

आवाज टाकीतून आला होता.

पुढचं भोंग्याला नीटसं आठवत नाही. चाक उलटं फिरवताना त्याच्या तळहाताची साल निघाली, ते त्याला नंतर कळलं. काठाशी धावत जाऊन त्याने खाली बघितलं तर बेडूक घोट्याच्या वरपर्यंत वाळूत रुतलेला, दोन्ही हातांनी शिडी गच्च धरून. वाळू थरथरत होती, मग थांबली. बेडकाने एकेक पाय ओढून काढला. एक बूट आत राहिला.

तो वर आला. हातात पाना होता. खाली विसरलेला पाना आणायला तो पुन्हा उतरला होता, एवढंच. भोंगा वाट बघत होता की आता हा शिव्या देईल, निदान टोमणा मारेल. बेडूक कट्ट्यावर बसला आणि मोज्याची वाळू झटकत राहिला.

"आवाज आला नाही तुझा," तो म्हणाला. "मला वाटलं, आज वर तू नाहीस. दुसरंच कोणीतरी आलंय."

भोंगा तिथेच खाली बसला. ज्या माणसाच्या भीतीने त्याने पदवीचा घाट घातला होता तो माणूस आला होता, आणि भोंग्याच्याच बुटांत उभा होता.

त्या आठवड्यात चाकाशी जायची वेळ आली की तो काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याला पाठवायचा आणि मागे उभा राहून त्याच्याकडून आरोळी देववून घ्यायचा. स्वतः तोंड उघडलं की आवाज बाहेर येईना. ओठ दातांत जाऊन बसायचे.

निकाल संध्याकाळी लागला. बायकोच पडद्याशी बसली होती. "अहो, पास!" ती ओरडली. "पदवीधर झालात! अहो, इकडे या ना, बघा तरी!"

तो दारातच उभा होता. "परीक्षेनंतर कामावर गेलो त्या दिवशी बेडूक खाली होता," तो म्हणाला. "मी ओरडलो नाही."

थोरल्या मिस्त्रींच्या पिवळ्या टोपीची हकीकत तिने हजारदा ऐकली होती. लॅपटॉप तिने हळूच मिटला. "आहे ना तो? धड आहे ना?" एवढंच तिने विचारलं आणि त्याने मान हलवल्यावर रडायला लागली. पदवीच्या दिवशी त्या घरात दोघंही न जेवता झोपली.

सकाळी कामावर निघायच्या आधी तो हात धुवायला स्वयंपाकघरालगतच्या मोरीत गेला. बायको भाजी चिरत होती. तो नळासमोर नुसताच उभा राहिला. मग त्याने बोट नळाकडे केलं. ओठ सवयीने मिटले, आणि स्वयंपाकघरातून आता टक असा आवाज येईल ह्या भीतीने त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

"नळ," तो म्हणाला. आवाज कसनुसा, फाटलेला निघाला. "उघडतोय."

आणि तो थांबला.

सुरीचा आवाज बंद झाला. बायकोने मान वळवून बघितलं. त्याचं ते पुढे धरलेलं बोट बघितलं. तिने सुरी फळीवर आडवी ठेवली, हात पदराला पुसले आणि टाकीच्या तळातल्या माणसाने द्यावा तसा मोठ्याने, स्पष्ट आवाज दिला.

"उघडा."

तेव्हा कुठे त्याने नळाला हात लावला.